किशोरवयीन मुलांच्या नैराश्यावरील उपचारांत डिजिटल नोंदींचा उपयोग होतो का?

मुंबईतल्या लहान दवाखान्यातही डिजिटल नोंदींचा खरोखर उपयोग होतो, मात्र डॉक्टर त्या पुन्हा उघडून पाहत असतील तरच. नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीचे २७ पैकी गुण (जितके जास्त, तितके नैराश्य तीव्र) प्रत्येक भेटीत नोंदवले, तर जूनमधला १६ हा आकडा ऑगस्टमध्येही १५ वरच अडकल्याचे लगेच दिसते आणि उपचार बदलण्याची किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याची वेळ चुकत नाही. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तेथे शून्याहून अधिक गुण आले, तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी मुलाशी एकांतात बोललेच पाहिजे. ठरल्या तारखेला न आलेल्यांची यादी मला सर्वांत मोलाची वाटते. त्यांना पाठवायच्या संदेशात आजाराचे नाव मात्र कधीही नसावे, कारण चाळीतल्या एका खोलीत तो मोबाइल घरातल्या सगळ्यांच्याच हाती असतो.