सासूबाईंनी बोकडाचा नवस बोलला होता. आम्ही नागपुरात राहतो. बोकडाऐवजी कोहळा दिला तर नवस फिटतो का?

हो, फिटतो. ही पळवाट नाही, जुनीच रीत आहे. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात कथा येते: यज्ञाचं सत्त्व आधी माणसात होतं, तिथून ते घोड्यात, बैलात, मेंढ्यात, बोकडात शिरलं आणि शेवटी जमिनीत जाऊन भाताच्या रूपानं उगवलं. म्हणून तांदळाचा पुरोडाश, म्हणजे यज्ञात वाहायचा पिठाचा रोट, दिला की पशू दिल्यासारखंच मानलं गेलं. नवरात्रात कितीतरी घरी बळी म्हणून कोहळाच कापतात, हळदकुंकू वाहून. आणि आपल्या विदर्भातच जन्मलेल्या गाडगेबाबांनी देवापुढे मुकं जनावर कापू नका म्हणून आयुष्यभर कीर्तनं केली. मला तर तो आधार पोथीपेक्षाही मोठा वाटतो. बोकडाचे पैसे भुकेल्यांच्या जेवणाला लावा, बाबांनी तेच सांगितलं असतं.

व्यवहाराचीही बाजू आहे. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार महापालिका हद्दीत परवानाधारक कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही, म्हणजे घराच्या अंगणात तर नाहीच.

फक्त एक बघा: नवस सासूबाईंचा आहे. त्यांना न विचारता परस्पर कोहळा कापला तर त्यांच्या मनात तो फिटलेला नसेल, आणि पुढे घरात कोणी आजारी पडलं की बोट तुमच्याकडे जाईल. आधी त्यांच्याशी बोला, शक्यतो पुजाऱ्यासमोर. कोहळा त्यांच्याच हातून वाहू द्या.