खानापूरहून स्पेनला: आधी विम्याचं बघा

दादा, तुम्ही विचारलंय की वय ६६, वहिनी ६२, तुम्हाला दहा वर्षांची शुगर, लेक वॅलेन्सियात. तिच्याजवळ कायमचं राहायला जायचं तर एजंटानं सुचवलेला ३० हजार युरोंचा प्रवास विमा व्हिसाला चालेल का. चालणार नाही. तो शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या पर्यटकासाठी असतो, जास्तीत जास्त ९० दिवसांच्या फेरीचा. मीही बेळगावात टिळकवाडीत बसून हाच विमा काढला होता. पैसे गेले, तीन महिने गेले ते वेगळेच.

नोकरी न करता राहायच्या व्हिसाला स्पेनमध्ये धंद्याची परवानगी असलेल्या कंपनीचा, अख्ख्या वर्षाचा आरोग्य विमा लागतो. दोन शब्द पाठ करून ठेवा: 'सिन कोपागो' आणि 'सिन कारेन्सिया'. पहिल्याचा अर्थ, दर वेळी डॉक्टरकडे गेल्यावर बिलातला वाटा तुमच्या खिशातून जात नाही. दुसऱ्याचा अर्थ, प्रतीक्षा काळ नाही, पहिल्या दिवसापासून सगळं लागू. आपल्या मेडिक्लेममध्ये जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबवतात, त्याच्या बरोब्बर उलट. स्वस्त पॉलिसी इथंच फसवते, म्हणून कंपनीकडून हे दोन्ही शब्द असलेलं स्पॅनिश प्रमाणपत्र मागून घ्या. व्हिसा नाकारला तर हप्ता परत मिळेल का, तेही लेखी घ्या.

आता शुगरचं. व्हिसासाठी डॉक्टरचा जो दाखला लागतो, त्यात सार्वजनिक आरोग्याला धोका होईल असा आजार नाही एवढंच लिहायचं असतं. शुगरमुळे तो अडत नाही. अडवते ती विमा कंपनी, आणि ते तिच्या प्रश्नावलीत ठरतं. मला पहिल्या कंपनीनं सरळ नाही म्हटलं. मध्यस्थ म्हणाला, 'तो रकाना तसाच सोडा की, कोण बघतंय?' मी नाही सोडला. लपवलेलं उद्या बाहेर आलं तर कंपनी करार मोडू शकते, दवाखान्याचं बिल नाकारू शकते, आणि तेव्हा आपण परक्या मुलखात असतो. दुसऱ्या कंपनीनं सगळे रिपोर्ट बघून मला घेतलं, हप्ता मात्र जास्त लावला. सत्तरीनंतर नवीन माणूस घ्यायला बऱ्याच कंपन्या तयार नसतात. म्हणून तुम्ही घर भाड्यानं द्यायच्या, तिकिटं बघायच्या आधी विम्याचा होकार मिळवा. बाकीचे कागद पैसे आणि वेळ टाकला की होतात.

पैशाची अट थोडक्यात: एकट्याला वर्षाला २८,८०० युरो, जोडीदारामागं आणखी ७,२००. पेन्शन, भाडं, ठेवी, सगळं दाखवता येतं.

कागदांत आमची खरी दमछाक लग्नाच्या दाखल्यानं केली. तो कन्नडमध्ये. आधी इंग्रजी करून घेतला, मग ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का, मग स्पॅनिश. त्यात जुन्या कागदांवर 'बेलगाम', २०१४ च्या नोव्हेंबरनंतरच्या कागदांवर 'बेळगावी'. दोन्ही एकच गाव हे पटवायला एक प्रतिज्ञापत्र जादा लागलं. सीमाप्रश्न कुठंकुठं पोचतो बघा!

खासगी विम्याचा भार जन्मभर वाहावा लागेलच असं नाही. तिथं एक वर्ष राहिल्यावर आणि पालिकेत नाव नोंदलेलं असल्यावर 'कोन्व्हेनियो एस्पेसियाल' नावाचा करार करून सरकारी आरोग्यसेवेत जाता येतं. ६५ च्या आतल्याला महिन्याला ६० युरो, ६५ आणि पुढच्याला १५७. म्हणजे तुमचे दोघांचे मिळून २१७. आधीच्या आजारासाठी नाकारत नाहीत, माझ्यासारख्याला हे फार मोठं आहे. पण दुकानातून आणायच्या औषधांचे पूर्ण पैसे त्यात आपणच भरायचे, तेव्हा शुगरच्या गोळ्यांचा खर्च वेगळा धरा. पालिकेतली नोंद पोचल्यावर लगेच करा, उद्यावर टाकू नका.

आणि इथला मेडिक्लेम बंद करू नका. पत्ता बदलल्याचं कंपनीला कळवा, हप्ता चालू ठेवा. गणपतीला गावी आल्यावर छातीत दुखलं तर आपल्याला बेळगावात नेहरूनगरला के.एल.ई. दवाखान्यातच जायचंय, तिथं स्पेनचं कार्ड दाखवून काही उपयोग नाही.