उजवा की डावा?

संपादकांनी या महिन्यात अकरा पत्रं पाठवली. चष्मा पुसून वाचायला बसले आणि चौथ्या पत्रापर्यंत जुनी चीड डोकं वर काढायला लागली. 'कान दुखतो.' 'डोळ्याला कमी दिसतं.' अहो, कोणता कान? कोणता डोळा? कधीपासून? ते कुणीच लिहीत नाही. रोगाचं नाव मात्र मोबाइलवर शोधून, अगदी शुद्धलेखनासह.

खरं तर मला चिडायचा अधिकार नाही. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला डोळ्यांच्या वॉर्डात ड्यूटी होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी बाहुली मोठी करायचे थेंब दर काही मिनिटांनी घालायचे असतात. पेशंट एक म्हातारे बाबा, ऑपरेशन त्यांच्या डाव्या डोळ्याचं होतं. मी समोर उभी, त्यामुळे माझ्या डाव्या हाताला जो आला त्यात थेंब घालत राहिले. तिसऱ्या वेळी इन्चार्ज सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या. मला काहीच बोलल्या नाहीत. बाबांना विचारलं, "ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं, हात लावून दाखवा बरं." बाबांनी डाव्याला हात लावला. ऑपरेशन दुपारवर गेलं, आणि बाबा दिवसभर चांगल्या डोळ्यानंही धूसर बघत बसले. पुढे एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी डोळे आणि कान-नाक-घशाच्या ओपीडीत. हात लावून दाखवायला सांगितल्याशिवाय मी कुणाला थेंब घातला नाही.

सिस्टर, मला काचबिंदू आहे. दोन महिन्यांपासून थेंब सुरू आहेत. थेंब घातले की घशाला कडू लागतं आणि हल्ली जिना चढताना दम लागतो. वयामुळे असेल का? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

काका, वयावर ढकलायच्या आधी थेंबांची बाटली बघा. तिच्यावर टिमोलॉल हे नाव आहे का? तुम्ही औषधाचं नाव लिहिलेलं नाही, आणि लहानपणी किंवा आता दमा आहे का तेही नाही. नेमक्या याच दोन गोष्टी मला हव्या होत्या.

डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीक भोक असतं. अश्रू तिथून नाकात उतरतात, म्हणून रडलं की नाक गळतं. थेंबही त्याच वाटेनं नाकात आणि मग घशात जातो, म्हणून कडू लागतं. नाकाच्या आतली त्वचा औषध पटकन रक्तात ओढते. टिमोलॉलनं डोळ्याचा दाब उतरतो, पण रक्तात गेलं की नाडी मंदावते आणि दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतात. डोळ्याच्या थेंबानं दम लागला असं सांगितलं तर लोक हसतात. मी असे पेशंट पाहिलेत.

बाटली घेऊन उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, दम लागतो ते सांगा, दमा असेल तर तोही सांगा, नाडी मोजायला सांगा. बसल्या जागी दम लागत असेल किंवा चक्कर येत असेल, तर उद्याचीही वाट बघू नका. औषध बदलून मिळतं. फक्त आपल्या मनानं थेंब बंद करून घरी बसू नका. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशननं परत येते, काचबिंदूत गेलेली येत नाही. नावं सख्ख्या भावांसारखी असल्यानं लोकांची फसगत होते. 'पिकू दे, मग काढू' असं मोतीबिंदूबद्दलही आता कुणी म्हणत नाही, पण काचबिंदूबद्दल असं म्हणणारे मला भेटलेत. तोवर बिचाऱ्यांची बाजूची नजर गेलेली असायची. दारांच्या चौकटींना खांदे आपटून निळे पडलेले.

आणि थेंब घालायची पद्धत. खालची पापणी ओढून खिसा करायचा, त्यात एकच थेंब. दुसरा गालावरच ओघळतो, पैसे वाया. मग डोळा अलगद मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरायचा. भोक बंद राहतं, औषध डोळ्यातच राहतं, घसाही कडू होत नाही. दुसरे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

मावशी, माझं बाळ नऊ महिन्यांचं आहे. सर्दी झाली की रात्री कान धरून रडतं. सासूबाई लसूण कढवलेलं तेल कोमट करून घालतात. घालू देऊ का? — एक आई, बारामती

नको गं. पण सासूबाईंशी भांडूही नकोस, त्यांना पुढचं वाचून दाखव.

नाकाच्या मागून कानाच्या आतल्या पोकळीत एक नळी जाते. मोठ्यांत ती तिरपी आणि लांब असते, बाळात आखूड आणि जवळजवळ आडवी. त्यामुळे सर्दीचा घाण द्रव सहज कानात चढतो आणि पडद्यामागे साठून ठणका लागतो. तेल आपण पडद्याच्या बाहेरून घालतो. पडदा शाबूत असेल तर तेल दुखण्यापर्यंत पोचतच नाही. पडदा फुटला असेल तर आत शिरतं, जिथे ते कधीच जायला नको. शिवाय 'कोमट' हे कुणाच्या बोटाला कोमट? वर्षानुवर्षं चुलीपुढे बसलेल्या हाताला जे कोमट लागतं, त्यानं बाळाची कातडी भाजते. पावसाळ्यात तेलकट, ओल्या कानात बुरशी धरते. ओपीडीत असा कान दुर्बिणीतून पाहिला की आत भिजलेल्या वर्तमानपत्राचा बोळा कोंबल्यासारखं दिसायचं, पांढरं आणि त्यावर काळे ठिपके.

तू काय बघायचं? ताप आहे का. आडवं केलं की रडणं वाढतं आणि उभं धरलं की कमी होतं का. दूध ओढायला लागलं की किंचाळतं का. कोणता कान धरतं, का दोन्ही. सकाळी उशीवर पिवळा डाग आहे का. हे कागदावर लिहून डॉक्टरांकडे ने. एवढं वाचलं की त्यांचं निम्मं काम झालेलं असतं. ठणक्यासाठी पॅरासिटामॉल वजनावर मोजून देतात. मागच्या वेळचं उरलेलं औषध त्याच जुन्या मापानं ओतू नकोस, तेव्हा बाळ हलकं होतं. बाटलीनं पाजत असशील तर झोपवून पाजू नकोस.

कान वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाची वात करून कानाच्या तोंडाशी ठेव, भिजली की बदल. कान कोरडा होईपर्यंत दिवसातून तीन-चारदा. काडी आत घालून कोरू नकोस. डॉक्टरांनी थेंब दिले तर बाटली आधी मुठीत धरून अंगाइतकी गरम कर, गार थेंबानं भोवळ येते. बाळाचा कान खाली आणि मागे ओढून थेंब घालायचा. मोठ्यांचा ओढतात वर आणि मागे. आणि कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा.

मंगळवारी सकाळी उठलो तर एका कानाला दडा बसलेला. मेडिकलवाल्यानं मळाचे थेंब दिले. फरक नाही. आणखी किती दिवस घालू? — एक वाचक, जालना

या पत्राचं उत्तर छापून यायची वाट पाहणं परवडलं नसतं. खाली मोबाइल नंबर होता, म्हणून मी त्याच संध्याकाळी फोन केला. पत्र लिहून चार दिवस झाले होते.

पहिला प्रश्न अर्थातच, कोणता कान. डावा. मग म्हटलं, तोंड मिटून 'हं' असा लांब सूर काढा आणि सांगा, आवाज कुठल्या कानात मोठा वाजतो. ओपीडीत हेच आम्ही कंपनकाट्यानं, म्हणजे ठोकला की घुमणाऱ्या दुशाखी काट्यानं करतो, कपाळावर टेकवून. मळानं कान बुजला असेल तर आवाज बुजलेल्या कानाकडे जातो. तुम्ही आत्ता बोट घालून कान बंद करा आणि 'हं' म्हणा, लगेच कळेल. पण नस मंदावली असेल तर आवाज चांगल्या कानाकडे पळतो. हे गृहस्थ दोनदा 'हं' करून म्हणाले, "उजवीकडे वाजतंय, सिस्टर."

म्हणजे मळ नव्हे. अचानक एका कानाची नस बसणं हे निकडीचं दुखणं आहे. स्टेरॉईडच्या गोळ्यांचा उपयोग व्हायचा तो मुख्यतः पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितक्या लवकर तितका जास्त. पुन्हा हा प्रकार दुखत नाही, म्हणून माणूस निवांत राहतो. दुखलं असतं तर मंगळवारीच गेले असते. दुसऱ्या दिवशी त्यांनी श्रवणचाचणी करून घेतली, औषध सुरू झालं. नंतर फोन आला, बरंचसं ऐकू येतंय, टेलिफोन मात्र अजून उजव्याच कानाला लावतात. 'हं' म्हणणं हे चाचणीची जागा घेत नाही, पण कुणाकडे किती घाईनं पळायचं ते सांगतं.

आमच्या मुलाचा (वय ४) घोळणा फुटतो. दर वेळी उजव्याच नाकपुडीतून थोडं रक्त आणि घाण वास येणारा शेंबूड. कांदा हुंगवतो, डोक्यावर पाणी मारतो. — एक बाबा, कुडाळ

शाबास! या पत्रात बाजू लिहिली आहे, आणि तिनंच निम्मं निदान केलं. सर्दी दोन्ही नाकपुड्यांना होते. एकाच नाकपुडीतून वास मारणारा, रक्ताचा शेंबूड म्हणजे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत आत काहीतरी अडकलंय असं धरायचं. मी काढताना पाहिलेल्या वस्तू: चिंचोका, खडू, मणी, स्पंजचा तुकडा, शेंगदाणा, आणि एकदा गणपतीच्या मखराचा थर्माकोल. चिमट्यानं स्वतः ओढायला जाऊ नका, गोल वस्तू मागे सरकते आणि श्वासनळीत पडू शकते. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. घरातल्या एखाद्या खेळण्याचा किंवा रिमोटचा बटणासारखा सेल गायब असेल तर मात्र हे पान खाली ठेवा आणि लगेच निघा. तो सेल ओल्या जागी दोन तासांत आतली कातडी जाळतो.

साध्या घोळण्यालाही कांदा नको. मुलाला बसवा, मान पुढे झुकवा, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा, घड्याळ लावून दहा मिनिटं. मध्ये सोडून 'थांबलं का' बघायचं नाही. मान मागे टाकली की रक्त पोटात जातं, मग उलटीतून बाहेर येतं आणि घरात रडारड.

तंबाखू मळताना चुन्याची पुडी फुटून डोळ्यात गेली तर काय करावं? माझ्या पुतण्याला असं झालं. गुलाबपाणी घातलं. — एक वाचक, बार्शी

पाणी. नळाचं, हंड्याचं, जे हाताशी असेल ते स्वच्छ पाणी, त्याच क्षणी. डोळ्याच्या कुठल्याही पेशंटची आम्ही आधी नजर तपासतो, सहा मीटरवरच्या तक्त्यावर, एकेक डोळा झाकून. अपवाद हा एकच: इथे आधी धुवायचं, मग तक्ता. आम्लापेक्षा चुना वाईट, कारण तो पृष्ठभागावर थांबत नाही, पेशींमधली चरबी विरघळवत खोल जातो.

डोकं कलतं करून दुखरा डोळा खालच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे वाहतं पाणी चांगल्या डोळ्यात जात नाही. पोरगा डोळा गच्च मिटणारच. एकानं पापण्या फाकवायच्या, दुसऱ्यानं ओतायचं, किमान अर्धा तास. वरच्या पापणीच्या आत चुन्याचे कण चिकटून बसतात, ते ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकानं टिपायचे. गुलाबपाणी, तूप, दूध काही नको. चुन्यावर उतारा म्हणून लिंबू पिळणारेही भेटले, त्यांना तर काय म्हणावं! रिक्षातही बाटलीनं धार सुरू ठेवायची. दवाखान्यात आम्ही पापणीच्या आत लिटमस कागद टेकवून बघायचो, आणि चुन्याचा अंश जाईपर्यंत सलाईनची धार थांबवायचो नाही.

पुतण्याचा कोणता डोळा, हे तुम्हीही लिहिलं नाहीत. आज दोन्ही डोळे आलटून पालटून झाकून त्याला भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायला लावा. एकानं जरी कमी दिसत असेल, किंवा बुबुळावर पांढुरकी झाक असेल, तर उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

दोन महिन्यांपासून आवाज बसला आहे. ज्येष्ठमध, हळद-दूध झालं. कीर्तनं ठरलेली आहेत. — एक कीर्तनकार, मंगळवेढा

महाराज, तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला असेल तर घशात दुर्बीण घालून स्वरतंतू बघून घ्यायचे असतात. तुमचे दोन महिने झाले. तंबाखू खाता का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. एवढं सविस्तर पत्र, आणि नेमकं तेच नाही, म्हणून खाता असं धरून मी सांगते: याच आठवड्यात जा. तोवर कुजबुजून बोलू नका, त्यानं स्वरतंतूंवर ताण उलट वाढतो. लागेल तेवढंच, हळू आवाजात. कीर्तनाला शिष्याला उभं करा.