फोनची रिंग ३० सेकंदच का वाजते? डिजिटल व्यापार आणि टेलिकॉमवरचे तुमचे प्रश्न

या वेळी बरेच प्रश्न आलेत आणि निम्मे एकमेकांत गुंतलेत, त्यामुळे क्रम मी माझ्या सोयीने लावलाय.

मी घरी बसून परदेशी कंपन्यांसाठी डिझाईन करते, फाईल मेलने जाते. जागतिक व्यापार संघटनेतली (डब्ल्यूटीओ) सूट गेली तर माझ्या फाईलवर कस्टम ड्युटी लागणार का?

लगेच तरी नाही. ही सूट म्हणजे १९९८ साली सगळ्या सदस्य देशांनी मिळून ठरवलेली गोष्ट, की इंटरनेटवरून जाणाऱ्या मालावर कोणी आयातशुल्क लावायचं नाही. ती कायमची कधीच नव्हती, दर मंत्रीपरिषदेत मुदत वाढत गेली, आणि २०२४ मध्ये अबूधाबीला तर ३१ मार्च २०२६ अशी तारीखच घातली. भारत, दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया यांचा आक्षेप असा की आधी सीडी, पुस्तकं, सिनेमाची रिळं बंदरातून यायची तेव्हा शुल्क मिळायचं, आता तेच सगळं तारेतून येतं आणि तिजोरीत काहीच पडत नाही, आणि उद्या आपल्याला आपला उद्योग उभा करायचा तर हातात हत्यार नको का? इंडोनेशियाने तर २०१८ मध्ये आपल्या टॅरिफच्या यादीत सॉफ्टवेअर वगैरेसाठी वेगळं प्रकरण उघडून ठेवलं, दर शून्य टक्के, म्हणजे जागा धरून ठेवली.

पण सूट संपली म्हणून शुल्क आपोआप लागत नाही हो. त्या देशाला आधी दर ठरवावा लागेल, मग कस्टमला कळायला हवं की तुमची फाईल आली, तिची किंमत किती, आणि मुळात ती वस्तू आहे की सेवा, ज्यावर आजही एकमत नाही. तुमचं काम बहुतेक सेवेत मोडेल. आणि आयातशुल्क नाही म्हणजे कर नाही असं समजू नका, परदेशातून इथे विकल्या जाणाऱ्या ऑनलाइन सेवांवर १८ टक्के जीएसटी आहेच. तुमची मात्र निर्यात आहे, ती शून्य दरात बसते, फक्त जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र, वेळेवर भरा. मला भेटणारे निम्मे लोक तिथेच अडकलेले असतात आणि काळजी डब्ल्यूटीओची करत बसतात.

एका कंपनीच्या फोनवरून दुसरीच्या फोनवर कॉल लागायला सरकारी नियम कशाला? कंपन्या आपापसात ठरवतील की.

मला विचाराल तर अख्खं टेलिकॉम रेग्युलेशन इथेच सुरू होतं. समजा एका देशात जुनी कंपनी आहे, दहातले नऊ ग्राहक तिचे. नवी कंपनी आली. नवीच्या ग्राहकाला जुनीच्या ग्राहकाशी बोलावंच लागतं, जुनीच्या ग्राहकाचं नवीवाचून फारसं अडत नाही. मग जुनी कंपनी काहीच बेकायदेशीर न करता नवीला मारू शकते, नेटवर्क जोडायला महिने लावायचे, जोडणीची पोर्टं कमी द्यायची, कॉल उतरवून घ्यायचे भरमसाट पैसे मागायचे. हे आपापसात ठरवा म्हणणं म्हणजे मांजराला दूध वाटायला सांगणं.

हे पैसे कुठपर्यंत पोचतात बघा. आपल्याकडे कॉल जिथून निघतो ती कंपनी, तो जिथे उतरतो त्या कंपनीला मिनिटाला ठराविक पैसे द्यायची, १४ पैसे होते, ऑक्टोबर २०१७ पासून ६ झाले. ६ पैसे म्हणजे काय मोठं, पण रोजचे कोट्यवधी कॉल धरा. तर २०१९ मध्ये अचानक लोकांना वाटायला लागलं की फोन वाजतो ना वाजतो तोच कट होतो. झालं होतं असं की रिंगचा वेळच कमी केला होता. तुम्ही फोन घ्यायच्या आत तो मिस्ड कॉल झाला की तुम्ही उलटा कॉल करणार, आणि उलटा कॉल केला की आधी ६ पैसे देणारी कंपनी आता घेणारी झाली! स्वयंपाकघरातून हात पुसत येणारी बाई फोनपर्यंत पोचायच्या आत रिंग बंद, आणि त्यामागे हा हिशोब. शेवटी ट्रायला, म्हणजे आपल्या टेलिकॉम रेग्युलेटरला, सांगावं लागलं की मोबाईलवर ३० सेकंद आणि लँडलाईनवर ६० सेकंद रिंग वाजलीच पाहिजे. आणि १ जानेवारी २०२१ पासून ते ६ पैसेही शून्य झाले, मग त्या खेळात काही उरलंच नाही.

मेक्सिकोचं उदाहरण याहून मोठं. तिथे परदेशातून येणाऱ्या कॉलचा दर सगळ्यात मोठी कंपनी ठरवणार आणि बाकीच्यांनी तोच लावायचा असा नियमच होता. अमेरिकेने डब्ल्यूटीओत तक्रार केली आणि २००४ मध्ये निकाल मेक्सिकोच्या विरोधात गेला, कारण मेक्सिकोने आधी कबूल केलं होतं की जोडणीचे दर खर्चाला धरून असतील. ही कबुली ज्या कागदात आहे त्यात आणखी एक वाक्य आहे जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: रेग्युलेटर कुठल्याही टेलिकॉम कंपनीपासून वेगळा असला पाहिजे. मेक्सिकोने २०१३ मध्ये घटना बदलून स्वायत्त रेग्युलेटर आणला, पुढच्याच वर्षी नव्या कायद्याने बड्या कंपनीला छोट्यांचे कॉल फुकट जोडून द्यायला लावले, २०१५ पासून देशांतर्गत एसटीडीचा वेगळा दर गेला. आणि २०२४ च्या शेवटी घटनादुरुस्ती करून ती स्वायत्त संस्थाच मोडीत काढायचं ठरलं. मला याचं खरंच वाईट वाटतं, अशी संस्था उभी राहायला वर्षं जातात. आपल्याकडेही १९९७ ला ट्राय आली तेव्हा फोन देणारं, लायसन्स देणारं आणि धोरण ठरवणारं खातं एकच होतं, भांडण एकाच घरातलं आणि न्याय करणारा पण त्याच घरातला. २००० साली कायदा बदलून तंट्यांसाठी टीडीसॅट हे न्यायाधिकरण वेगळं काढलं आणि खात्यातून बीएसएनएल वेगळी झाली तेव्हा कुठे जरा मोकळं झालं.

व्हॉट्सॲप कॉल फुकट, आणि टॉवर उभारायचा खर्च टेलिकॉम कंपनीचा. मग अशा ॲपवर कर का नको?

युगांडाने करून पाहिलं. जुलै २०१८ पासून सोशल मीडिया वापरायचा तर दिवसाला २०० शिलिंग. लोक व्हीपीएनवर (आडवाटेने नेट वापरायची सोय) गेले, गरीब लोक इंटरनेटवरूनच उतरले, अपेक्षेइतका पैसा जमला नाही आणि २०२१ मध्ये तो कर काढून इंटरनेट डेटावरच १२ टक्के लावला. म्हणजे भार शेवटी ग्राहकावरच.

टेलिकॉम कंपन्यांची कुरकुर अगदी खोटी आहे असं मी म्हणणार नाही, लायसन्स फी, स्पेक्ट्रम, केवायसी हे सगळं त्यांच्यावर आणि ॲपवर त्यातलं जवळपास काहीच नाही. पण माझं मत विचाराल तर टेलिकॉमवरचं ओझं हलकं करा, ॲपवर चढवू नका. ग्राहक डेटाचे पैसे आधीच देतो आणि तो डेटा या ॲपसाठीच तर घेतो.

आपला डेटा देशातच ठेवायचा नियम चांगला की वाईट?

कुठला डेटा त्यावर. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायला सांगितलं, तिथे देखरेखीचं कारण पटतं. सरसकट सगळ्यालाच लावलं तर मोठ्या कंपन्या इथे सर्व्हर बांधतील, त्यांना परवडतं, मरेल तो परदेशी क्लाउड भाड्याने घेऊन धंदा करणारा आपलाच छोटा पोरगा.

आमच्याकडे रेंजच नाही. फोन बिलातून दुर्गम भागासाठी पैसे जातात म्हणे, मग ते कुठे जातात?

जातात, तुमचं बरोबर आहे. कंपन्यांच्या एजीआरच्या (फी मोजायला धरलेला महसूल) ५ टक्के रक्कम यासाठीच घेतली जाते, पूर्वी यूएसओ फंड म्हणायचे, २०२३ च्या टेलिकॉम कायद्याने नाव डिजिटल भारत निधी केलं. गोम अशी की पैसा आधी सरकारच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि मग बजेटमधून मिळेल तसा सुटतो, त्यामुळे जमा जास्त आणि वाटप कमी अशी बाकी साठत गेली. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेटला २०११ मध्ये मंजुरी मिळाली ती यातूनच, पण फायबर ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत आणणं वेगळं आणि तो रोज चालू ठेवणं वेगळं. वीज गेली, रस्ता खोदताना तार तुटली, दुरुस्तीला यायचं कोणी हे करारात स्पष्ट नसेल तर डबा तिथेच राहतो, दिवा बंद. पैसा बांधायला मिळतो, सांभाळायला मिळत नाही, हे दुखणं फक्त आपलंच आहे असंही नाही.

हे सगळं वर ठरतं, आम्ही काय करणार?

ट्राय कुठलाही मोठा नियम करायच्या आधी कन्सल्टेशन पेपर, म्हणजे लोकांची मतं मागवणारा कागद, काढते, वेबसाईटवर असतो, शेवटी प्रश्नांची यादी असते, कोणीही उत्तर पाठवू शकतं आणि आलेली उत्तरं वाचायलाही मिळतात. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या (नेटवर सगळ्या साईट-ॲपना सारखी वागणूक) वेळी १० लाखांवर मेल गेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंटेंटनुसार डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी आली. पूर्ण पेपर वाचायचा कंटाळा आला तर शेवटचे प्रश्न वाचा, ज्यातलं तुम्हाला स्वतःला माहीत आहे त्या एकाच प्रश्नाला उत्तर द्या, प्रश्नाचा नंबर लिहून, आणि तुमच्या इथे नेमकं काय होतं ते लिहा, किती वाजता रेंज जाते, तक्रार कधी केली, पुढे काय झालं. मुदत साधारण चार आठवड्यांची असते, म्हणून पेपर निघाल्या निघाल्या बघा.