भाची क्लार्क झाली, पेढे वाटायचे का?

प्रश्न: माझी भाची अमेरिकेतच जन्मली, तिथेच लॉ केलं आणि आता एका फेडरल जजकडे लॉ क्लार्क म्हणून लागलीये. ताई फोनवर आनंदाने रडत होती, आणि इकडे आमची आई म्हणते, एवढा पैसा ओतून शेवटी कारकूनच ना? तिकडे या शब्दाचा अर्थ वेगळा असतो का?
– एक मामा, नाशिक

उत्तर: मामा, आधी पेढे आणा. तिकडे जजचा लॉ क्लार्क म्हणजे केसचा अभ्यास करणारा, निकालाचा मसुदा लिहायला मदत करणारा वकील, आणि ही जागा मिळवायला मोठमोठ्या कॉलेजांतल्या हुशार पोरांची झुंबड असते. आत्ताचे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स, तेसुद्धा तरुणपणी सुप्रीम कोर्टात न्यायाधीश रेनक्विस्ट यांचे क्लार्कच होते. पण गंमत अशी की त्याच अमेरिकेत दुकानात गल्ल्यावर बसणाराही क्लार्कच, त्यामुळे आईंचं अगदीच चुकलं असंही नाही!

मुळात हा शब्द चर्चमधला. लॅटिनमधला क्लेरिकुस म्हणजे धर्मगुरू, पाद्री लोकांना क्लर्जी म्हणतात तेही त्यातलंच. मध्ययुगात लिहिता-वाचता येणारे म्हणजे बहुतेक हेच लोक, मग हळूहळू लिहिता येतं तो क्लार्क असं झालं आणि पुढे हिशेब, दप्तर, नोंदी सगळं त्याच्याच गळ्यात. पाद्र्यांना साध्या कोर्टात फाशी नाही अशी इंग्लंडमध्ये सवलत होती, आणि पाद्री आहे हे सिद्ध कसं करायचं तर बायबलातल्या ओळी वाचून दाखवायच्या, बस्स. नाटककार बेन जॉन्सनने 1598 मध्ये द्वंद्वात एका नटाला मारलं, तो पाद्री वगैरे काही नव्हता, पण वाचता येत होतं म्हणून अंगठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग घेऊन सुटला. ही सवलत 1827 पर्यंत कायद्यात होती म्हणे तर काय, खरंच होती!

आपला कारकून मात्र फारसीतून आला, कार म्हणजे काम आणि कुन म्हणजे करणारा, त्यात लिहिण्याचा संबंधच नाही. उलट ईस्ट इंडिया कंपनीच्या कारकुनांना रायटर म्हणायचे, कोलकात्याची रायटर्स बिल्डिंग त्यांचीच, आणि आपल्याकडे पोलीस स्टेशनात अजूनही रायटर असतोच की.

आणि हो, भाचीला फोनवर क्लार्क म्हणालात तर ती हसेल, तिकडे क्लर्क म्हणतात. क्लार्क हा उच्चार इंग्रजांचा, तोच आपल्याकडे राहिला.