मिल, लेव्ही आणि तुझी शंका

अनेक उत्तम आशीर्वाद.

ओहायोत घर घेतल्यावर पहिल्याच नोव्हेंबरात शाळेची लेव्ही (शाळांसाठीचा मालमत्ता कर, जो मतदारांनी मंजूर करावा लागतो) मतदानाला आली आणि ‘दर दोन-तीन वर्षांनी हे पैसे मागतात, जातात कुठे?’ असं तू विचारलंस. शंका रास्त आहे. ती भलत्या जागी खर्च होऊ नये, म्हणून हे पत्र. आपल्याकडे मालमत्ता कर ठरतो आणि थेट बिल येतं. माफी द्यायची तरी वरूनच मिळते, जशी मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ साली मिळाली. इथे आधी विचारतात. पण विचारण्याची भाषा अशी, की चांगला हिशोबी माणूसही चकतो.

तुझं नागरिकत्व झालंय, पण घरातल्या ग्रीन कार्डवाल्यांना बजावून ठेव: कर त्यांनाही भरावा लागतो, मत मात्र देता येत नाही. लायसन्स काढताना मतदार-नोंदणीचा कागद पुढे आला तरी सही करायची नाही. नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ती सही फार महागात पडते. तुझी स्वतःची नोंदणी मतदानाच्या ३० दिवस आधी झालेली हवी.

आता मिल. करपात्र किमतीच्या दर १,००० डॉलरला १ डॉलर म्हणजे एक मिल. करपात्र किंमत म्हणजे काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ऑडिटरने ठरवलेल्या बाजारभावाच्या ३५ टक्के. घर ३ लाखांचं असेल तर करपात्र १ लाख ५ हजार, आणि ५ मिलची नवी लेव्ही म्हणजे वर्षाला ५२५ डॉलर. सोपा आडाखा असा: एक मिल म्हणजे दर लाखाला ३५ डॉलर. अलीकडे मतपत्रिकेवर दर लाखामागची रक्कम छापतात, पण तो लाख ऑडिटरच्या किमतीतला. तू घर कितीला घेतलंस किंवा घरांच्या किमती सांगणारी झिलो वेबसाइट काय म्हणते, ते इथे चालत नाही.

खरी गोम १९७६ च्या हाउस बिल ९२० या कायद्यात आहे. समज, एका डिस्ट्रिक्टची (म्हणजे एका स्कूल बोर्डाच्या हद्दीतल्या मालमत्तांची) करपात्र किंमत १० कोटी होती आणि १० मिलच्या लेव्हीतून १० लाख डॉलर येत होते. पुनर्मूल्यांकन झालं (ते सहा वर्षांनी होतं, मधे तिसऱ्या वर्षी आकडे अद्ययावत करतात) आणि किंमत साडेबारा कोटी झाली. तर दर आपोआप ८ मिलवर उतरतो आणि शाळेच्या हातात तेच १० लाख पडतात. पगार, डिझेल, विमा वाढतात, पण ही रक्कम गोठलेली. म्हणून शाळा पुन्हा पुन्हा दारात येते. निव्वळ येण्यावरून ती उधळी आहे असं ठरवू नकोस. हा हिशोब सरासरीचा असतो, हेही ध्यानात घे: तुझ्या घराची किंमत इतरांपेक्षा जास्त वाढली तर तुझं बिल वाढतं, कमी वाढली तर उतरतं.

पण या नियमाला एक तळ आहे, आणि संशयखोराने सर्वांत आधी तोच बघावा. शाळेच्या चालू खर्चाचा प्रभावी दर घसरत २० मिलपर्यंत आला की पुढे घसरण थांबते. २०२५ च्या कायद्याआधी, मग घरांच्या किमती ३० टक्के वाढल्या तर त्या दराने येणारं उत्पन्नही ३० टक्के वाढायचं, आणि त्यासाठी कुणाचं मत लागायचं नाही. तुझा डिस्ट्रिक्ट तळाला टेकलाय का, हे ऑडिटरच्या दरपत्रकावर किंवा राज्याच्या डिस्ट्रिक्ट प्रोफाइल रिपोर्टमध्ये कळतं. लोक त्याला ‘कप रिपोर्ट’ म्हणतात. प्रति विद्यार्थी खर्च, शिक्षकांचा सरासरी पगार, सगळं त्यात असतं. तुलना शेजारच्या श्रीमंत उपनगराशी करू नकोस. त्याच आकाराच्या, तशाच उत्पन्नाच्या चार डिस्ट्रिक्टशी कर.

मतपत्रिकेवरचा एकेक शब्द तोलून वाच. ‘रिन्यूअल’ म्हणजे जुनीच लेव्ही, आजच्या उतरलेल्या दराने पुढे. ‘रिप्लेसमेंट’ ऐकायला तसंच वाटायचं, पण त्यात दर मूळ आकड्यावर परत जायचा. वरच्या उदाहरणात ८ ऐवजी पुन्हा १०, आणि उत्पन्न १० लाखांऐवजी साडेबारा लाख. शिवाय जुन्या लेव्ह्यांवर राज्य देत असलेली सवलत (२०२५ पर्यंत १० टक्के, आणि स्वतः राहत्या घराला आणखी अडीच टक्के) नोव्हेंबर २०१३ पासूनच्या नव्या लेव्ह्यांना नाही. रिन्यूअलमध्ये ती टिकते, रिप्लेसमेंटमध्ये जायची. ‘इमर्जन्सी’ या नावात आणीबाणी असेलच असं नाही. ती ठरावीक डॉलरची, जास्तीत जास्त दहा वर्षांची लेव्ही. विधिमंडळाने २०२५ मध्ये या नियमांना हात घातला आणि या शेवटच्या दोन प्रकारांच्या नव्या लेव्ह्या बंद केल्या. तेव्हा जुन्या मतपत्रिकांवरून शिक, पण यंदाची भाषा यंदाचीच वाच.

‘शिक्षक कमी करतात आणि मैदान नवं करतात’ ही तक्रार प्रत्येक सभेत ऐकू येते. दुधाचे पैसे एका डब्यात, किराण्याचे दुसऱ्यात, तसे इथे फंड असतात. ‘परमनंट इम्प्रूव्हमेंट’ (इमारती, मैदानं अशी टिकाऊ कामं) किंवा बाँडचा, म्हणजे कर्जरोख्याचा पैसा पगाराला वापरता येत नाही. त्यामुळे ‘मैदान का केलं?’ असं विचारलं की अधिकारी हसून सुटतात. ‘हे बाँड आत्ताच का, आणि व्याजासकट किती?’ असं विचार. ५ कोटींचं बाँड ४ टक्क्यांनी ३० वर्षं समान हप्त्यांत फेडलं तर एकूण सुमारे ८ कोटी ६७ लाख जातात. पत्रकावर फक्त ५ कोटी दिसतात.

चालू खर्चाच्या लेव्हीसाठी डिस्ट्रिक्टचा बहुवार्षिक आर्थिक अंदाज काढ. तीन ओळी पुरेत: वर्षअखेरची शिल्लक, पगार आणि फायदे, अंदाजातली पगारवाढ. शिल्लक किती महिन्यांच्या खर्चाइतकी आहे ते मोज. दोन-तीन महिन्यांची असेल तर शहाणपण. वर्षभराची असेल तर लेव्ही आत्ता का, हे त्यांनी सांगायला हवं. मग तीन वर्षांपूर्वीचा अंदाज काढून प्रत्यक्षाशी ताडून बघ. दरवेळी खड्डा भाकीत केला आणि दरवेळी शिल्लक वाढली, असं दिसलं तर तुझ्या शंकेला दात आले. उलटंही निघू शकतं, तेव्हा मुकाट मान्य कर.

करसवलतींकडे मात्र जवळजवळ कुणी बघत नाही, आणि मला तो सर्वांत मोठा आळस वाटतो. नव्या गोदामांना, अपार्टमेंटना १५ वर्षांपर्यंत सूट मिळते. तो भार उरलेल्यांवर पडतो. वार्षिक आर्थिक अहवालाच्या टिपांमध्ये ‘टॅक्स अबेटमेंट’ अशी नोंद असते. आकडा तिथे सापडतो.

वेळ सांभाळ. लेव्हीचे ठराव मतदानाच्या ९० दिवस आधी इलेक्शन बोर्डाकडे जातात, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीलाच सगळं ठरलेलं असतं. ऑक्टोबरात सभेत ओरडून मजकूर बदलत नाही. जून-जुलैच्या स्कूल बोर्डाच्या बैठकांना जा. आठ-दहा माणसं असतात, खजिनदार समोर बसलेला असतो. त्याला आकडा विचार, मत नको. तो टाळला तर ओहायोच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली कागद माग. अर्ज लेखी असण्याचीही गरज नाही, कारण सांगावं लागत नाही. तरी ईमेलनेच माग, तारीख राहते.

नोव्हेंबरात मंजूर झालेली लेव्ही पुढच्या जानेवारीच्या बिलापासून दिसते. बँक एस्क्रोतून (गृहकर्जाच्या हप्त्यासोबत कराचे पैसे साठवलेल्या खात्यातून) भरत असेल तर हप्ता नंतर, एकदम वाढतो. तो धक्का लेव्हीचा की पुनर्मूल्यांकनाचा, हे बिलावरच्या ओळी बघून आधी वेगळं कर. घराची किंमतच जास्त धरली असेल तर ते भांडण शाळेशी नाही. ‘डीटीई फॉर्म १’ भरून ३१ मार्चच्या आत काउंटीच्या बोर्ड ऑफ रिव्हिजनकडे दे, सोबत खरेदीखत आणि आसपासच्या अलीकडच्या विक्रीचे कागद जोड.

कळावे.