पाण्याचा ताळेबंद: तीन पावसाळे, एक वही

प्रश्न: गावाचं क्षेत्र ८०० हेक्टर, लोकसंख्या २०००. पाऊस कमी, बेताचा किंवा चांगला झाला तर काय, असे पाण्याचे तीन आराखडे ग्रामसभेत मांडायचे आहेत. पण काहींचं म्हणणं, "वहीत पाऊस जरा कमीच लावा, दुष्काळात नाव येईल." काय करावं?
– एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर: तसं नाव येत नाही. दुष्काळासाठी पाऊस बघतात तो महसूल मंडळातल्या पर्जन्यमापक केंद्राचा आणि पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) निघते पीक कापणीवरून. गावची वही बिघडवून फसेल तो तुमचाच आराखडा.

तीन पावसाळे मनाने ठरवू नका. मंडळाचे किंवा तालुक्याचे मागच्या ३० वर्षांचे आकडे चढत्या क्रमाने लावा आणि सर्वांत कमी पावसापासून मोजत तिसरा, पंधरावा व पंचविसावा घ्या. सरासरी नको, एखाद-दुसरं अतिवृष्टीचं वर्ष तिला फुगवतं.

१ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. ५०० मिमी पडला तर तुमच्या शिवारावर ४० लाख घनमीटर! हुरळू नका, त्यातलं बरंचसं वाफ होऊन आणि ओढ्याने जातं. हाती काय उरलं ते विहिरी सांगतात. ऑक्टोबरात रात्रभर पंप बंद ठेवून सकाळी पातळी मोजा, दरवर्षी कठड्यावरच्या त्याच खुणेपासून. पंप चालू असताना मोजली तर ती पातळी पंपाची, विहिरीची नव्हे.

मग वाटणी. माणशी रोज ५५ लिटर धरलं तर गावाला वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर पाणी लागतं. पाटपाण्यावरचा दोन हेक्टर ऊस जवळपास तेवढंच पितो. हा एक आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, निम्मी चर्चा तिथेच होईल.

ठराव मात्र मृगाआधी करा: 'पातळी अमुक मीटरखाली गेली तर नवी ऊस लागण नाही.' लागणीची तयारी झाल्यावर मांडलेल्या आकड्याशी सगळेच भांडतात. हिवरे बाजारलाही आधी ताळेबंद, मग पिकं.

प्रश्न: पर्जन्यमापक वाचायचा एक दिवस राहिला. शून्य लिहू?

उत्तर: अजिबात नको. शून्य म्हणजे पाऊस नाही. तिथे 'नोंद नाही' लिहा आणि दुसऱ्या दिवशीच्या आकड्यापुढे 'दोन दिवसांचा मिळून' असा शेरा मारा. वाचन रोज सकाळी साडेआठला. चुकलं तर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. पेन्सिल नको, व्हाइटनर तर नकोच.

मोजपात्रही एकदा तपासा. नरसाळं १०० चौ. सेंमी. आणि २०० चौ. सेंमी. अशा दोन मापांत मिळतं, प्रत्येकाचं मोजपात्र वेगळं. फुटलं म्हणून दुसऱ्या मापाचं आणलं तर पाऊस दुप्पट किंवा निम्मा दिसतो, आणि कुणी लबाडी केलेली नसते.